दवंडी वेशीपर्यंत

॥ जय जय राम कृष्ण हरि ॥

डोंबिवली पूर्वेला एका अखंड हरिनाम सप्ताहात सहाव्या दिवशी जी कीर्तनसेवा झाली, तिचं ध्वनिमुद्रण ऐकून मंडळींनी हे उतरवून काढलं आहे. टाळ-मृदंगाचा गजर कागदावर येत नाही, तेवढा तुम्ही मनात धरा. छापण्याआधी एका हितचिंतकानं सुचवलं, "महाराज, मधला तुमचा स्वतःचा प्रसंग गाळू या. उगाच लोक बोलतील." मी म्हटलं, तोच ठेवा. बाकी काही गाळलं तरी चालेल.

विषय दारूचा आहे. पण दारू वाईट एवढंच सांगायला मी उभा नाही. ते पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. सकाळी उठल्यावर तर फारच ठाऊक असतं. विषय आहे तो दारूबाबत सरकार जे ठरवतं त्याचा, आणि त्यावर आपण लोक जे बोलतो आणि जे करतो त्याचा.

आषाढी एकादशीला आपल्या राज्यात दारूची दुकानं बंद असतात. ड्राय डे म्हणतात त्याला. वारकऱ्याला बरं वाटतं, सरकारनं विठोबाचा मान राखला. आता तुम्ही एक करा. आदल्या दिवशी, दशमीला संध्याकाळी, कल्याण स्टेशनाबाहेर पडा नाहीतर डोंबिवलीच्या कुठल्याही नाक्यावर उभे राहा. दुकानापुढं रांग लागलेली दिसेल. रांगेतल्या माणसाच्या एका हातात साबुदाणा, रताळी, शेंगदाण्याची पिशवी. दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली बाटली. एकादशीचीच दोन्ही तयारी, बरं का! हसू नका. सरकारनं दुकान एक दिवस बंद केलं. त्या माणसाच्या घरात ते उघडंच राहिलं.

ही आजची गोष्ट नाही. द्वारकेतही असंच झालं होतं. आजच्या निरूपणाला मी महाभारतातलं मौसलपर्व घेतलंय. लोक हे पर्व घरात वाचत नाहीत, अशुभ मानतात. मला वाटतं, आपल्या काळात तेच आधी वाचायला हवं.

भारतीय युद्ध होऊन छत्तिसावं वर्ष लागलं. यादवांची पोरं मस्तवाल झाली. विश्वामित्र, कण्व, नारद असे ऋषी द्वारकेला आले, तेव्हा त्या पोरांनी सांबाला स्त्रीचा वेश दिला आणि विचारलं, "हिला काय होणार?" ऋषींनी ओळखलं. म्हणाले, "मुसळ होईल आणि त्यानं तुमच्या कुळाचा नाश होईल." दुसऱ्या दिवशी लोखंडाचं मुसळ निघालं. राजानं त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकायला लावलं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं फार थोड्यांना ठाऊक असतं.

राजानं त्याच दिवशी द्वारकेत दवंडी पिटली. दवंडी कसली? दारूबंदीची! आजपासून या नगरात कुणी मद्य गाळायचं नाही. जो गाळेल, त्याला नातलगांसकट जिवंत सुळावर देऊ. दवंडी कुणाच्या नावानं? राजाच्या, बलरामाच्या आणि प्रत्यक्ष श्रीकृष्ण परमात्म्याच्या नावानं. याहून मोठं सरकार कुठलं आणणार तुम्ही? याहून कडक शिक्षा कुठल्या कायद्यात घालणार? आणि व्यासांनी पुढं लिहून ठेवलंय की लोकांनी ती आज्ञा मानली, पण राजाच्या भीतीनं मानली. हा शब्द लक्षात ठेवा. भीतीनं. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो.

आता आपल्या दवंड्यांकडे या.

तुमच्या खिशात परवाना आहे का, असं मी पिणाऱ्याला विचारलं तर तो हसेल. पण आपल्या महाराष्ट्रात आजही जो कायदा चालतो त्याचं नाव दारूबंदी अधिनियम. मूळचा मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ सालचा. आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. १९५० च्या एप्रिलपासून मोरारजीभाईंच्या काळात मुंबई राज्यात पुरी दारूबंदी आली. पुढं १९६० नंतरच्या दशकात ती सैल झाली. पण नाव तेच राहिलं. कायद्यानं प्यायला परवाना लागतो, बियरला वय २१ लागतं, दारूला २५ लागतं. नाव दारूबंदीचं, आणि त्याच कायद्याखाली दारूची दुकानं. आपल्या घटनेचं ४७ वं कलम सांगतं की राज्यानं मादक पेयांच्या बंदीचा प्रयत्न करावा. प्रयत्न करावा! नवऱ्यानं बायकोला सांगावं ना, "सोडायचा प्रयत्न करतोय," तसं.

मग सरकार सोडत का नाही? कारण तिजोरी. इंग्रजांपासूनची खोड आहे ही. आपल्याच ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८९२ साली मोहफुलांचा कायदा झाला. जंगलातल्या मोहाच्या फुलांवर निर्बंध आले. का? आदिवासी बाई फुलं वेचून घरी गाळते, मग सरकारी ठेक्याची दारू कोण घेणार? तब्येतीची काळजी नव्हती ती, कराची होती. आणि त्याच्याही आधी, १८८० साली, पुण्यात महात्मा फुले नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा दारूची दुकानं वाढतायत म्हणून त्यांनी लेखी हरकत घेतली होती. म्हणजे दुकानाविरुद्ध अर्ज करणं हे काही आजच्या सोसायटीवाल्यांचं नवं खूळ नाही. दीडशे वर्षांची वहिवाट आहे.

आज काय आहे? २०१७ ला जीएसटी आला. पुष्कळ कर त्यात गेले, पण प्यायच्या दारूवरचा कर राज्यांनी आपल्या हातात ठेवला. हवा तेव्हा वाढवता येतो असा कर राज्याकडे दुसरा किती उरला? म्हणून २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं विदेशी बनावटीच्या दारूवरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केलं, आणि वर्षाला १४ हजार कोटी जास्त येतील असा अंदाज सांगितला. जुलैत बारवाल्यांनी एक दिवस बार बंद ठेवून निषेध केला. त्या आधी २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय झाला. द्राक्षबागायतदाराचं हित पुढं केलं गेलं. आमचे बंडातात्या कराडकर रस्त्यावर उतरले, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय बासनात गेला.

म्हण आहे ना, कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची. सरकारवर ही म्हण लागू करून आपण मोकळे होतो. पण श्रोते हो, ते १४ हजार कोटी सरकार कुठून आणणार? मंत्रालयात काही भट्टी लावलेली नाही. आपल्याच ताटातून जाणार ते.

गावोगाव फिरताना लोक काय म्हणतात ते मी ऐकत असतो. एक म्हणतो, "महाराज, बंद केली की हातभट्टी वाढते." खोटं नाही. दिवा, आलिमघरच्या खाडीकाठी कांदळवनात घुसून पोलीस भट्ट्या फोडतात, त्या पुन्हा लागतात. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. पण नीट बघा, तेव्हा मुंबईत दारूबंदी होती का? दुकानं उघडीच होती. गरिबानं स्वस्तातली घेतली आणि मेला. म्हणजे बंदीनंच माणूस विषाकडे जातो हे अर्धं सत्य आहे.

दुसरा म्हणतो, "चंद्रपूरला काय झालं? २०१५ ला बंद केली, २०२१ ला उघडावी लागली." तेही खरं. चोरून येणारी दारू आणि गुन्हे वाढले, असं कारण सरकारनं दिलं. अमेरिकेनं तर १९२० ला अख्ख्या देशात बंदी घातली आणि १९३३ ला उठवली. पण शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून आहे ती आजही आहे. तिथं आधी लोकांनी मागितली, गावागावात बायका उभ्या राहिल्या, डॉक्टर अभय बंग आणि राणीताई बंग त्यांच्याबरोबर बसले, आणि मग कायदा आला. तिथंही चोरून येते. पण राखायला माणसं आहेत.

तिसरा म्हणतो, "ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न." हा बहुधा चांगल्या नोकरीतला असतो. त्याची मर्जी त्याच्या फ्लॅटच्या दारात संपते. ज्या बाईच्या पगाराच्या पाकिटाला रोज वाट फुटते, तिची मर्जी कुणी विचारली?

चौथा सगळ्यांत मोठा. तो म्हणतो, "दुकान असावं, पण आमच्या इमारतीखाली नको." येऊरला जाऊन पिणारा ठाण्याचा गृहस्थ आपल्या सोसायटीच्या सभेत हात वर करून म्हणतो, "संस्कृती बुडाली!" गटारीला मित्रांसंगं बदलापूरच्या बाजूला धबधब्यावर जाणारा म्हणतो, "त्या झोपडपट्टीत फार पितात हो." दीप अमावस्येला दिवे पुजायचे, आपण त्या दिवसाचं नाव काय करून ठेवलंय बघा.

२०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली. मंदिरं उघडली १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. त्या काळात मी मोबाईलवरून कीर्तन करायचो आणि यावर फार विनोद केले. सरकारला मंदिरापेक्षा मदिरा प्यारी, वगैरे. लोक खूश. मग एकदा माझ्या नातवानं विचारलं, "आजोबा, रांगेत उभे होते ते कोण होते? सरकार होतं का?" मी गप्प झालो.

आता तो प्रसंग ऐका.

२०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. हेतू केवढा चांगला, दारू पिऊन गाडी चालवून माणसं मरू नयेत. पण मार्गावरची काही दुकानं उठली ती कुठं गेली? आत, वस्तीत. पुढं त्याच वर्षी न्यायालयानं शहरांच्या हद्दीपुरता खुलासा करून मोकळीक दिली. पण आत आलेलं दुकान पुन्हा बाहेर कशाला जाईल? कल्याण तालुक्यातल्या अशाच एका वस्तीत, शाळेच्या वाटेवर, एक दुकान आलं. कुणाचं, कुठं, ते मी सांगत नाही.

तिथं एक माउली होती. चार घरी पोळ्या करायची. तिनं वही घेतली आणि सह्या जमवायला लागली. आपल्या राज्यात २००८ पासून अशी सोय आहे की गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान घ्यावं लागतं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला त्या नियमाप्रमाणे यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. निम्मी मतं यादीतली, आलेल्यांतली नव्हे. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी बसली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेलं.

त्याच वस्तीत सप्ताह होता आणि माझं कीर्तन होतं. संध्याकाळी हरिपाठ झाला, मी कपडे बदलत होतो, तेव्हा ती आली. पाया पडली. म्हणाली, "महाराज, मला चारशे चाळीस सह्या लागतात. दोनशे साठ झाल्या. तुमच्या कीर्तनाला सगळ्या बायका येणार. माईकवरून दोन मिनिटं सांगाल का, की मंडपाच्या दाराशी वही घेऊन मी उभी आहे?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "महाराज, आजचे अन्नदाते तेच आहेत." म्हणजे त्या दिवसाची पंगत त्या दुकानवाल्याची. पाच हजार पानं उठणार होती. आणि माझ्या शाल-नारळाचे यजमानही तेच.

मी त्या बाईला काय म्हणालो असेन? म्हणालो, "माउली, आम्ही वारकरी. सह्यांच्या भानगडीत, राजकारणात आम्ही पडत नाही. तू नाम घे, पांडुरंग बघून घेईल." पांडुरंगाच्या नावाआड लपलो मी, श्रोते हो. आळंदीला चार वर्षं शिकलो, चाळीस वर्षं वीणा गळ्यात घातली, आणि लपायला जागा मिळाली ती देवाच्या पाठीमागं.

त्या रात्री दीड तास मी कशावर बोललो? व्यसनावर! लोक रडले. टाळ्या झाल्या. ती माउली पुढच्याच रांगेत बसली होती. तिची वही मांडीवर होती. कीर्तन संपल्यावर ती पुन्हा पाया पडली आणि एवढंच म्हणाली, "महाराज, मंडपात हजार माणसं होती. मला एकशे ऐंशी सह्या कमी आहेत." तिच्या आवाजात राग नव्हता. हिशोब होता नुसता.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा चौकशी केली. अर्ज सह्यांअभावी पुढं गेला नाही. ती वस्ती सोडून टिटवाळ्याकडे राहायला गेली होती. दुकान होतं तिथंच होतं. ते पाकीट मी परत केलं नव्हतं. कधीच खर्च झालं होतं. म्हणून मी सरकारला नावं ठेवायला लागलो की आधी माझी जीभ अडखळते. सरकार महसुलासाठी गप्प बसतं. मी पंगतीसाठी बसलो. दोघांचा भाव वेगळा, व्यवहार एकच.

आता द्वारकेची उरलेली कथा.

दवंडी झाली, भट्ट्या विझल्या. काळ गेला. नगरात अपशकुन व्हायला लागले. तेव्हा भगवंत म्हणाले, चला, प्रभासतीर्थाला जाऊ. यात्रेची तयारी झाली. रथ निघाले, हत्ती निघाले, बायका-पोरं निघाली. आणि सामानात काय निघालं? नाना परीचं अन्न आणि मद्य! द्वारकेत गाळायचं नाही अशी दवंडी होती ना? मग ही आली कुठून? व्यास सांगत नाहीत. सांगायची गरजही नाही. दशमीच्या रांगेतून आली असेल.

तीर्थावर उतरले आणि प्यायला बसले. कुणाच्या समोर? श्रीकृष्णाच्या समोर. ज्याच्या नावानं दवंडी झाली त्याच्याच डोळ्यांदेखत. ब्राह्मणांसाठी रांधलेल्या अन्नात मद्य मिसळून ते वानरांना घातलं. सात्यकी झिंगला आणि कृतवर्म्याला टोचून बोलला, की झोपलेल्यांना मारणारा तू. कृतवर्म्यानं जुनं उकरून काढलं. सात्यकीनं तलवार उपसली आणि त्याचं डोकं उडवलं. मग बाकीचे सात्यकीवर धावले. हातात काय घेऊन? ज्या भांड्यांतून प्यायले ती उष्टी भांडी घेऊन. बापाला वाचवायला यावा तसा प्रद्युम्न मध्ये पडला, तोही गेला. मग किनाऱ्यावरचं गवत उपटलं, ते मुसळ झालं, आणि बापानं लेकाला, लेकानं बापाला मारलं. भारतीय युद्धातून वाचलेलं कूळ एका पंगतीत संपलं.

राजाची दवंडी वेशीपर्यंत पोचते. वेशीच्या आत ती खरंच काम करते, हे विसरू नका. द्वारकेत दवंडी होती तोवर कुणी कुणाला मारलं नाही. कुंपण हवंच. पण कुंपणानं पीक येत नाही. भीतीनं सोडलेली दारू रथात लपून येते. व्रतानं सोडलेली येत नाही, कारण तिथं लपवायचं कुणापासून? स्वतःपासून?

तुम्ही म्हणाल, महाराज, असं कुठं झालंय का, लोकांनी आपणहून सोडली? झालंय, आणि आपल्याच मुलखात झालंय. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या किनाऱ्यावर १९२१-२२ च्या सुमारास मांगेला कोळ्यांमध्ये एक लाट उठली. अंगात देवी येऊन सांगायची, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा. ती देवी गावागावानं डोंगरातल्या आदिवासींत गेली आणि पार सुरतेपर्यंत पोचली. हजारो लोकांनी दारू टाकली, गुत्ते ओस पडले. कुणा कलेक्टरचा हुकूम नव्हता. उलट सरकारचा महसूल बुडत होता.

आणि आपल्या पिसवलीचे सावळाराम महाराज. डोंबिवलीतल्या क्रीडासंकुलाला त्यांचं नाव आहे, पोरं तिथं क्रिकेट खेळतात, पण नाव कुणाचं ते किती पोरांना ठाऊक? या आगरी-कोळी गावांत त्यांनी दारोदार फिरून गळ्यात माळा घातल्या. माळ घातली की मद्य सुटलं, मांस सुटलं, एकादशी आली, वारी आली. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात तर कीर्तनकार आणि बायका बरोबर उभ्या राहिल्या, मतदान मागितलं आणि बाटली आडवी केली. व्रतही धरलं, कायदाही वापरला. दोन्ही हात लागले.

म्हणून वाचक माउली, मी तीनच गोष्टी मागतो.

पहिली. तुमच्याकडे कुणी माउली वही घेऊन आली तर तिला पांडुरंगाकडे पाठवू नका. सही करा. मतदान लागलं तर जा. घरी बसलात तर कुणाला मत दिलंत ते वर सांगितलंय. २०२५ च्या मार्चमध्ये सरकारनं विधिमंडळात जाहीर केलं की नोंदणीकृत सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवं दारूचं दुकान उघडायला सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांच्या इमारतीखाली गाळे आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. सभेला न जाता नंतर ओरडू नये. आकडे आणि अटी बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी राज्य उत्पादन शुल्काच्या कार्यालयात आजचा नियम लेखी विचारून घ्या.

दुसरी. आपल्याकडची हळद. मी याच मातीतला, म्हणून अधिकारानं बोलतो. नवरदेवाच्या अंगाला हळद लागायची ती मंगल म्हणून. मांडवात देवक बसवलेलं, कुळदैवताचा टाक पुजलेला, आणि मागच्या अंगणात खोकी उघडलेली. हे प्रभासतीर्थच नाही का? बापानं त्यासाठी जमीन विकलेली मी पाहिलीय. काही गावांनी ठराव करून हळदीतली दारू बंद केली, त्यांना माझा नमस्कार. तुमच्या गावानं केला नसेल तर तुमच्या घरानं करा. लोक नावं ठेवतील. ठेवू द्या. दोन वर्षांनी तेच तुमच्याकडे येऊन म्हणतील, "तुम्ही केलंत म्हणून आम्हाला करता आलं."

तिसरी. जो पितो त्याला हाकलू नका. तो आजारी आहे. माळ हे औषध आहे, पण कुणाला माळेबरोबर डॉक्टरही लागतो, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. एकाएकी सोडताना कुणाला झटके येतात, भास होतात. तेव्हा दवाखाना हवा, अंगारा नव्हे. पुण्याला अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथून सुधारून आलेली माणसं मी टाळ घेऊन उभी पाहिलीत. पिणं सोडलेल्यांच्या सभा गावोगाव भरतात, पैसे लागत नाहीत, नाव लपवलं जातं. घेऊन जा त्याला. बरोबर बसा.

आणि मी काय करतो? आता कीर्तनाची तारीख देताना विचारतो, पंगत कुणाची? आणि नारळ घेण्याआधी सांगतो, की सप्ताह जिथं असेल तिथल्या बायकांची वही असेल तर माईकवरची दोन मिनिटं तिची. तीन-चार ठिकाणची बोलावणी बंद झाली. बंद झाली तर झाली. पोट भरतंय.

आजही मंडपाच्या दाराशी एक ताई वही घेऊन उभी आहे. दुकान कुठलं ते तीच सांगेल. वाचणाऱ्याला हा मंडप दिसत नाही; पण तुमच्या वस्तीत अशी एखादी ताई असेलच. टिटवाळ्याच्या त्या माउलीनं कुठं हे वाचलं तर तिला एवढं कळावं, की तुझ्या एकशे ऐंशी सह्या माझ्याकडे बाकी आहेत. मी फेडतोय.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!